झेडडी वाफइंजिन (शकुंतला रेल्वे)

अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या नॅरोगेज मार्गावर धावणाऱ्या, विदर्भात ‘शकुंतला’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या गाडीचे वाफेचे इंजिन. बांधणी मँचेस्टर, १९२१. मार्गावर दाखल १९२३. निवृत्ती १५ एप्रिल १९९४. भारतीय रेल्वेच्या वर्गनामात पहिले अक्षर रुळांचे माप सांगते. ‘झेड’ म्हणजे ७६२ मिमी, जुन्या हिशेबाने अडीच फूट. ‘डी’ हा त्या मापाच्या इंजिनांतला एक प्रकार.

मूर्तिजापूर हे भुसावळ–बडनेरा या ब्रॉडगेज मार्गावरचे जंक्शन. तिथून एक फाटा उत्तरेला दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जातो. लांबी ७६ किमी. दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. लांबी ११३ किमी. दोन्ही फाटे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत उभे राहिले. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली होती. हेतू सरळ होता: जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडलेल्या कापसाच्या गाठी मोठ्या लाइनीपर्यंत आणायच्या, तिथून मुंबई बंदर आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्या. गाठी ज्या मँचेस्टरच्या बाजारासाठी निघत, त्याच शहरातून त्या ओढणारे इंजिन आले, हा योगायोग नव्हे. तो व्यवहारच तसा बांधलेला होता. कापूस असेल तिथे रूळ, हे सूत्र वऱ्हाडात इतरत्रही दिसते. बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटाखाली’ खामगावला जलंबहून फाटा १८७० मध्येच मिळाला. ‘घाटावर’च्या मेहकर, चिखली, लोणारला रेल्वे मिळाली नाही.

मार्ग चालवण्याचे काम आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडे आणि १९५१ नंतर मध्य रेल्वेकडे होते. मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारजमा होत असताना हा मार्ग करारावरच चालत राहिला. झेडडीच्या दीर्घायुष्याचे श्रेय तिच्या बांधणीला द्यायचे की या कराराला, हा प्रश्न रास्त आहे. जिथे नवी गुंतवणूक कोणी करत नाही, तिथे जुने यंत्र दुरुस्त करत चालवावे लागते. सत्तर वर्षांची सेवा हा कौतुकाचा विषय आहेच. तो दुर्लक्षाचा पुरावाही आहे.

अशा इंजिनाचा दिवस गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. थंड बॉयलर पेटवल्यावर वाफ धरायला काही तास लागतात. मग फायरमनने कोळसा जाळीवर सारखा पसरायचा, पाण्याची पातळी काचेत पाहत राहायची. पातळी फार खाली गेली तर भट्टीचे छत उघडे पडते आणि ते जिवावर बेतू शकते. परतल्यावर राख काढायची. पण इथला खरा वैरी पाणी. अचलपूरचा फाटा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून जातो. खारे, जड पाणी उकळले की क्षार नळ्यांवर बसतात, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि पत्रा तापून कमजोर होतो. म्हणून ठरावीक मुदतीने इंजिन थंड करून बॉयलर आतून धुवावा लागतो. शेडमध्ये त्याला ‘वॉशआऊट’ म्हणत.

गाडीचा वेग ताशी वीसेक किलोमीटर. फाटक लावायला गाडीतलाच माणूस उतरे, आणि तिकीट देण्यापासून इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंतची कामे मोजकेच कर्मचारी करीत. एसटीपेक्षा भाडे कमी असल्याने मजूर आणि बाजारकरी यांना ती परवडे. १९९४ मध्ये डिझेल इंजिन आले आणि धूर थांबला. डिझेलवरची गाडीही २०१०नंतरच्या दशकात बंद पडली.

‘शकुंतला वाचवा’ ही मागणी प्रामुख्याने मार्गाची आहे, इंजिनाची नाही. दोन्ही गोष्टी लोक एका दमात बोलतात एवढेच. वाफइंजिन पुन्हा चालते करणे अशक्य नसते. १८५५ मध्ये बांधलेली ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये निवृत्त झाली आणि १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावली. पुढे तिचे सुटे भाग चोरीला गेले, तेव्हा चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्यात ती परत उभी केली गेली. मात्र अशा कामात रंग आणि पितळ शेवटी येते. आधी बॉयलरच्या नळ्या काढून नव्या बसवायच्या, पत्र्याची जाडी तपासायची, पाण्याच्या दाबाखाली चाचणी घ्यायची, चाकांचे टायर आणि बेअरिंग पाहायचे. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते नमुन्यावरून घडवावे लागतात. त्यासाठी जुने कारागीर लागतात. आणि चालवायला रूळ लागतात.

विदर्भात तेच आटत गेले. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथली इंजिने पाहता येतात. शकुंतलेचा मार्गही ब्रॉडगेज करण्याची घोषणा झालेली आहे. ते रूळ पडले तर दोन रुळांमधले अंतर १६७६ मिमी होईल. झेडडीच्या चाकांना ते दुपटीहून अधिक रुंद पडते.