पत, तारण आणि धनंजयराव गाडगीळ

‘तारण’ वस्तूचे असते, ‘पत’ माणसाची असते. मराठीतील हा अर्थभेद ग्रामीण कर्जव्यवहारात मात्र दीर्घकाळ पुसला गेला होता. जमीन असेल त्याचीच पत, हा दंडक असेपर्यंत कुळास व अल्पभूधारकास सावकारावाचून गत्यंतर नव्हते.

धनंजयराव गाडगीळ (१९०१-१९७१) यांच्या कार्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. १९३० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होत. पुढे गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीवर त्यांनी काम केले. या समितीच्या १९५४ च्या अहवालानुसार १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी काढलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के होता. म्हणून कर्ज जमिनीकडे पाहून न देता येणाऱ्या पिकाकडे पाहून द्यावे, पतपुरवठ्यास विक्री व प्रक्रिया यांची जोड द्यावी आणि शासनाने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, असे समितीने सुचविले.

प्रक्रियेच्या सहकाराचा प्रयोग प्रवरेकाठी तत्पूर्वीच सुरू झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तेथील साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. तथापि अशा कारखान्यांचे उत्पादक सभासदत्व ऊस पिकविणाऱ्यांपुरते राहिले. ऊस तोडणारा भूमिहीन मजूर त्याबाहेरच राहिला. पत तारणापासून सुटली, जमिनीपासून मात्र पुरती सुटली नाही. गाडगिळांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही मर्यादाही विचारात घ्यावयास हवी.