कोल्ट १९११: गोळी आणि स्प्रिंग
जॉन ब्राउनिंगने रचलेले ०.४५ इंची कोल्ट पिस्तूल अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या कसोटीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. लष्करी गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची. तिच्या धक्क्याने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि दाबलेली स्प्रिंग स्लाइड पुढे ढकलत नवे काडतूस नळीत भरते. ब्राउनिंगची खरी प्रतिभा धक्का आणि स्प्रिंग यांच्या या तोलात आहे.

पुढे अमेरिकेतील कॅम्प पेरी येथील नेमबाजी स्पर्धांतील स्पर्धकांनी शिशाच्या हलक्या गोळ्या आणि कमी दारू पसंत केली. तेवढ्या धक्क्याला मूळ स्प्रिंग पुरती दबेना, स्लाइड अर्ध्यावरच अडे. म्हणून कारागीर नरम स्प्रिंगा बसवू लागले. अशा पिस्तुलात लष्करी काडतूस वापरले, तर स्लाइड सांगाड्यावर जोरात आदळते.