चेंग पेई-पेई : नृत्यातून घडलेली खड्गधारिणी

हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीत 'तलवारीची सम्राज्ञी' म्हणून ओळखल्या गेलेल्या अभिनेत्री चेंग पेई-पेई यांनी युद्धकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्या मूळच्या नर्तिका. तरीही १९६६ साली अवघ्या विसाव्या वर्षी पडद्यावर त्यांनी जी योद्धा स्त्री उभी केली, तिचा ठसा चिनी युद्धपटांवर पुढे अनेक दशके उमटत राहिला.

चेंग पेई-पेई यांचा जन्म ६ जानेवारी १९४६ रोजी शांघाय येथे झाला. चीनमध्ये साम्यवादी राजवट आल्यानंतर त्यांच्या वडिलांना प्रतिक्रांतिकारक ठरवून श्रमछावणीत पाठविण्यात आले. शांघायमध्येच पेई-पेई यांनी बॅलेचे शिक्षण घेतले. १९६२ साली त्या हाँगकाँगला आल्या आणि शॉ ब्रदर्स या त्या काळातील बलाढ्य चित्रसंस्थेच्या अभिनय प्रशिक्षणवर्गात दाखल झाल्या. 'द लोटस लॅम्प' या संगीतपटात त्यांनी पुरुषाची भूमिका केली. स्त्रीने पुरुषपात्र रंगविणे ही तेथील संगीतपटांची रूढ परंपरा होती. पुरुषी चाल आणि ऐट यांचा हा सराव लवकरच वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडणार होता.

चिनी कथापरंपरेत शस्त्रधारी स्त्री नवी नव्हती. पेकिंग ऑपेरामध्ये लढवय्या स्त्रीपात्रांचा 'वुदान' नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. शांघायच्या मूकपटांतही अशा नायिका होत्या. १९२९ सालचा 'रेड हिरोइन' हा त्याचा उपलब्ध नमुना. मात्र १९३०च्या दशकात तत्कालीन सरकारने अशा अद्भुतरम्य युद्धपटांवर बंदी घातली आणि ती परंपरा खंडित झाली. शॉ ब्रदर्सने १९६०च्या दशकाच्या मध्यास 'वुशिया', म्हणजे खड्गधारी वीरांच्या कथांना नव्या तंत्राने उजाळा देण्याचे ठरविले, तेव्हा दिग्दर्शक किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' या चित्रपटासाठी पेई-पेई यांची निवड केली.

ही निवड विचारपूर्वक होती. पेकिंग ऑपेराचे संस्कार असलेल्या किंग हू यांच्या दृष्टीने पडद्यावरील द्वंद्व हा ताल, विराम आणि पदन्यास यांचा खेळ होता. त्यासाठी त्यांना पहिलवान नको होता, लय जाणणारे शरीर हवे होते. चित्रपटाची नायिका 'गोल्डन स्वॅलो' ही दरोडेखोरांनी ओलीस धरलेल्या आपल्या भावाच्या सुटकेसाठी पुरुषवेशात एका खानावळीत येऊन बसते. शत्रूंचा वेढा हळूहळू आवळत जातो, पण ती जागची हलत नाही. किमान हालचालींत ती एकेकाचा डाव उधळून लावते. तेथील ताण तलवारीच्या खणखणाटापेक्षा तिच्या स्थिर बसण्यातून अधिक निर्माण होतो. शरीरावर एवढा ताबा ठेवण्याची सवय पेई-पेई यांना बॅलेने लावली होती.

चित्रपट गाजला, परंतु या यशानंतर वारे उलट दिशेने वाहू लागले. किंग हू शॉ ब्रदर्स सोडून तैवानला गेले. दिग्दर्शक चांग चेह यांच्या १९६७ सालच्या 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' या चित्रपटाने रक्तरंजित, पुरुषप्रधान युद्धपटांचे युग सुरू केले. १९६८ साली चांग चेह यांनीच 'गोल्डन स्वॅलो' हा चित्रपट काढला. शीर्षक पेई-पेई यांच्या व्यक्तिरेखेचे असले, तरी कथेचा भर जिमी वांग यू यांनी रंगविलेल्या आत्मघातकी वीरावर होता. नायिकेच्या नावाने निघालेल्या चित्रपटात नायिकाच बाजूला पडली.

तरीही 'द जेड राक्षा', 'लेडी ऑफ स्टील' अशा चित्रपटांतून पेई-पेई तलवार चालवीत राहिल्या. १९७१ सालच्या 'द लेडी हर्मिट'मध्ये त्या अज्ञातवासात राहणाऱ्या निष्णात योद्ध्याच्या भूमिकेत दिसल्या. ही योद्धा एका तरुणीला आपली विद्या शिकविते. स्त्रीकडून स्त्रीकडे जाणारी विद्या हा या चित्रपटाचा गाभा होता. त्याच सुमारास विवाहानंतर त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्या आणि कारकीर्द ऐन भरात असताना पडद्यावरून जवळपास नाहीशा झाल्या. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या हाँगकाँगच्या चित्रपटांत परतल्या, त्या चरित्रभूमिकांमध्ये. १९८८ सालचा 'पेंटेड फेसेस' आणि १९९३ सालचा स्टीफन चाऊ यांच्यासोबतचा 'फ्लर्टिंग स्कॉलर' हे त्यांपैकी प्रमुख.

नव्या पिढीला आणि जगाला त्यांची खरी ओळख झाली ती २००० साली, अँग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या चित्रपटातून. एकेकाळची नायिका येथे 'जेड फॉक्स' ही खलनायिका झाली होती. या खलत्वाला एक जुनी जखम आहे. गुरूने तिला शय्येवर स्थान दिले, पण स्त्री म्हणून विद्या नाकारली. तिने गुरूचा वध केला, ग्रंथ पळविला. मात्र त्यातील मजकुराचा अर्थ तिला उकलला नाही, चित्रे पाहूनच ती शिकली. तिची शिष्या जेन मात्र मजकूर वाचून गुपचूप तिच्या पुढे निघून गेली. गोल्डन स्वॅलो ही सामर्थ्य लाभलेली स्त्री होती. जेड फॉक्स ही ते नाकारले गेलेली. एकाच अभिनेत्रीने चौतीस वर्षांच्या अंतराने या दोन्ही बाजू साकारल्या.

याच चित्रपटात पुरुषवेशातील जेन उपाहारगृहात अनेक योद्ध्यांची धूळधाण उडविते. तो प्रसंग पाहताना 'कम ड्रिंक विथ मी'मधील खानावळीची आठवण होणे अपरिहार्य आहे. जेन साकारणाऱ्या झांग झियी आणि प्रमुख भूमिकेतील मिशेल यो या दोघीही मूळच्या नृत्याच्याच विद्यार्थिनी होत्या. नर्तिकेच्या हाती तलवार देण्याचा किंग हू यांचा प्रयोग आता प्रस्थापित वाट बनला होता. चित्रपटाला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. पेई-पेई यांना हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा सन्मान लाभला.

२०१९ साली त्यांना मेंदूच्या पेशींचा ऱ्हास करणारा दुर्मीळ आजार झाल्याचे निदान झाले. २०२० सालच्या डिस्नेच्या 'मुलान'मध्ये त्या विवाह जुळविणाऱ्या स्त्रीच्या छोट्या भूमिकेत दिसल्या. मुलानला आदर्श वधूच्या साच्यात बसवू पाहणारी ही स्त्री, आणि ती साकारणारी अभिनेत्री मात्र तो साचा पडद्यावर मोडणारी, असा तो योग होता. १७ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांचे अमेरिकेत निधन झाले. त्यांचा मेंदू वैद्यकीय संशोधनासाठी दान करण्यात आला.