मुल्की, गैरमुल्की आणि कुलूप लागलेलं घर

"हैदराबाद गॅझेट" हा शब्द आता आपल्याकडं पारावर पोचलाय. पण त्याच निजामी राज्याच्या आणखी एका कागदाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे मुल्की नियम. आज घराला कुलूप लावून उसाला जाणाऱ्या माणसाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घनसावंगी तेव्हा अंबड तालुक्यात होतं, जिल्हा औरंगाबाद, राज्य निजामाचं. पहिल्या सालारजंगांनी कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. कारभार सुधारला, पण मोठ्या जागाही बाहेरच्यांकडंच जायला लागल्या. इथल्या लोकांनी ओरड केली. मुल्की म्हणजे इथला, गैरमुल्की म्हणजे बाहेरचा, ही भांडणं तिथून वाढली. शेवटी १९१९ मध्ये निजामाच्या फर्मानानं नियम आले. सरकारी नोकरी मुल्की माणसालाच, गैरमुल्कीला घ्यायचं तर खास मंजुरी हवी.

मग मुल्की कोण? जन्मानं इथला असेल तो. बाहेरून आलेल्याला मात्र दोन अटी होत्या. एक, राज्यात किमान १५ वर्षं कायमचा रहिवास. दोन, आपल्या जुन्या गावी परत जायचा विचार सोडलाय, असं मॅजिस्ट्रेटसमोरचं प्रतिज्ञापत्र.

ही दुसरी अट नीट बघा. नुसते दिवस मोजून भागत नव्हतं, माणसाचं मन कुठं आहे हेही कायदा विचारत होता. अन् मन कागदावर मोजता येत नाही. त्यामुळं खोट्या मुल्की दाखल्यांचा धंदा झाला. पोलीस ॲक्शननंतर बाहेरून नोकरदार आले, तेव्हा हीच तक्रार पेटली. १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपण त्या भांडणातून बाहेर पडलो. आंध्र प्रदेशात ते १९६९ अन् १९७२ मध्ये पुन्हा पेटलं. पण १५ वर्षांचा आकडा आपल्यालाही चुकला नाही. महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्याला आजही साधारण १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात.

आता उलटी बाजू. बाहेरून आलेल्याला विचारायचे, "परत जाणार नाहीस ना?" पण जो इथलाच आहे अन् पोटासाठी जातो, त्याचं काय? समर्थ रामदास आपल्याच जांबचे. लहानपणी घर सोडलं, मग तप आणि तीर्थाटन. परंपरा सांगते, चोवीस वर्षांनी आईला भेटायला आले. म्हणून त्यांना कुणी जांबचे नाहीत म्हणालं का?

परदेशात याचा हिशेब दिवसांवर चालतो. कॅनडात कायम रहिवासी म्हणून टिकायचं तर ५ वर्षांत किमान ७३० दिवस तिथं राहावं लागतं. ब्रिटनमध्ये बऱ्याच व्हिसांवर कायम वास्तव्य मागताना कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. हा हिशेब आपल्या ऊसतोड कुटुंबांना लावून बघा. दिवाळीनंतर गेलेली जोडी पाडव्याच्या आसपास येते. पट्टा लांबला तर १८० दिवसांच्या जवळ जाते. त्या मोजपट्टीनं हे लोक आपल्याच गावात उपरे ठरायच्या बेतात आले असते.

सुदैवानं आपला मतदार यादीचा कायदा तसा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम २० सांगतं, की नेहमीच्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यानं तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. कलम २२ प्रमाणं "इथं राहत नाही" म्हणून नाव कमी करायच्या आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

अडचण कायद्यात कमी अन् दारात जास्त आहे. यादी तपासायला माणूस येतो, कुलूप दिसतं, शेजारी म्हणतो "गेलेत ते." गेलेत म्हणजे उसाला गेलेत की कायमचे गेलेत, हे कुणी विचारत नाही. सहा महिन्यांनी घरी आलेल्याला मतदानाच्या दिवशी कळतं, नाव नाही.

म्हणून विनंती. टोळी निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांची नावं यादीत बघून घ्या. शेजाऱ्याला नीट सांगून जा, "हंगामाला चाललोय, परत येणार." नाव कमी झालं असेल तर नमुना ६ भरून पुन्हा नोंदवा. लेकरांचे शाळेचे दाखले अन् निर्गम उतारे जपून ठेवा, उद्या अधिवासाला तेच लागतात.

आणि जे गावातच राहतात त्यांना एकच सांगणं. चौकशीला कुणी आलं तर "गेलेत" एवढ्यावर थांबू नका. "येणार आहेत" हेही सांगा. निजामाच्या राज्यात बाहेरून आलेल्याला "परत जाणार नाही" असा मॅजिस्ट्रेटसमोर कागद करावा लागायचा, इथं शेजाऱ्याचा एक शब्द बऱ्याचदा पुरेसा होतो.