सहा बाय सहा आणि दाराची चौकट

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आली की आमची आई परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखी सांगायची, "शेवटची ओळ बी वाचली की ग मी. सहा बाय सहा म्हणाले." सत्तरीतसुद्धा ती दिवे लागायच्या आत पोथीचं पान वाचून ठेवायची. आणि त्याच दिवसांत स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायची, ताटाशेजारचा तांब्या लवंडायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, घाई करते.

एकदा कागदावर 'काचबिंदू, प्रेशर पाहणे' असं लिहून आलं. घरातल्या आम्ही बायकांनीच त्याचा अर्थ लावला. बिंदूच ना, पिकला की काढू! शेजारच्या काकू मोतीबिंदू काढल्यावर पंधरा दिवसांत तांदूळ निवडायला बसल्या होत्या. आईनं पिकायची वाट पाहिली, दोन-अडीच वर्षं. काचबिंदू पिकत नसतो आणि त्यानं नेलेली नजर परत येत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आपणच अडाणी, असं मला किती दिवस वाटत होतं. मग या शब्दांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की या दोन बिंदूंची गल्लत शहाण्यासुरत्यांनीही शतकानुशतकं केली. जुन्या ग्रीक वैद्यांचा 'ग्लॉकोमा' हा शब्द बाहुलीच्या निळसर-हिरवट झाकेवरून आला. बाहेरून दिसेल त्यावरून नाव, बस. 'कॅटरॅक्ट' म्हणजे वरून कोसळणारं पाणी, कारण डोळ्यात वरून काहीतरी उतरतं अशी समजूत. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंगच गढूळ होणं, हे 1705 साली फ्रेंच वैद्य ब्रिसो यांनी एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला तेव्हा स्पष्ट झालं. काचबिंदूचं घर तर आणखी आत, पाठीमागच्या नसेत. जिवंत डोळ्याच्या आत डोकावायचं साधन हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये जगापुढे ठेवलं. त्याआधी ती नस दिसणार तरी कुणाला?

ते साधन हाती आल्यावरही घोटाळा झालाच. बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांना आजारी नसेचं तोंड आधी फुगल्यासारखं वाटलं, नंतर कळलं की तो खळगा आहे. आज फाइलमध्ये 'कप' लिहितात तो हाच. नसेच्या गोल तोंडाच्या मधोमध प्रत्येकाला लहानसा खळगा असतो. 0.3 म्हणजे तो गोलाच्या दहातले तीन भाग रुंद. नसेचे तंतू मरत गेले की तो पसरतो.

आता आईचं सहा बाय सहा. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या स्नेलन यांनी 1862 साली तो अक्षरांचा तक्ता काढला. वरचा सहा म्हणजे आपण किती मीटरवर बसलो. खालचा आकडा म्हणजे धड डोळ्याला तेच अक्षर किती मीटरवरून ओळखता येतं. सहा मीटरचं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच. पण या तक्त्यानं मोजली जाते ती फक्त समोरची, मधली नजर. काचबिंदू बहुधा कडेकडेनं खात येतो. मधला तुकडा शेवटपर्यंत लख्ख राहू शकतो. म्हणून आई पोथी वाचत होती आणि चौकट तिला दिसत नव्हती.

कडेची नजर मोजतात तिला 'फील्ड' म्हणतात. कोपनहेगनच्या ब्येरुम यांनी 1889 मध्ये त्यासाठी आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजूच पडद्यासारखी वापरली आणि तिच्यासमोर बारीक पांढरे ठिपके हलवून पाहिले. दारच! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

राहिलं प्रेशर. रक्तदाबाशी याचा घोळ घालू नका, मीही घातला होता. हा डोळ्याच्या आतला दाब. पूर्वी पापणीवरून बोटानं दाबून अंदाज घेत. मग 1905 मध्ये नॉर्वेच्या शिऑट्झ यांचं डोळ्यावर टेकवायचं यंत्र आलं. साधारण 10 ते 21 ठीक मानतात, पण आकडा ठीक असूनही काचबिंदू असलेली माणसं असतात. म्हणून प्रेशर, कप आणि फील्ड, तिन्ही विचारायचं.

आईच्या शेवटच्या फाइलमध्ये उजव्या डोळ्यापुढे कप 0.9 आहे आणि त्याच्याच वर सहा बाय नऊ. आई-बापाला, भावा-बहिणीला असेल तर हा आजार आपल्याला व्हायची शक्यता जास्त. माझा कप 0.5 निघाला. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. धाकटीला फोन करून सगळं सांगितलं, तर म्हणते, "मला सगळं नीट दिसतंय की ग आक्का."

गुरुवारी तिला घेऊन जाणार आहे.