कुपनावरचा झगा

फॅशन म्हणजे बायकांची हौस, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एकच विचारतो: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बाईचा झगा कोणी ठरवला? सरकारने! १ जून १९४१ पासून तिथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. सुरुवातीला प्रौढ माणसाला वर्षाला ६६ कुपने. एका लोकरी झग्यालाच ११ जात. पुढे चुण्या किती, बटणे किती, खिसे किती, यावरही नियम आले. स्कर्ट आखूड झाला, घेर गेला.

कुपने सगळ्यांना सारखी, म्हणून समता आली असे सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. श्रीमंतांची कपाटे आधीच भरलेली होती. शिवाय कुपनासोबत पैसेही मोजावे लागत. वर्षानुवर्षे टिकणारा महागडा कोट आणि लवकर विरणारा स्वस्त कोट, दोन्हींना कुपने तेवढीच! गरीब बाईला खरा आधार झाला तो 'सीसी ४१' शिक्क्याच्या युटिलिटी कपड्यांचा, कारण त्यांच्या दर्जावर आणि किमतीवरही सरकारी बंधन होते. राणीचे कपडे करणारा नॉर्मन हार्टनेलही त्यासाठी डिझाइन करू लागला.

त्याच साम्राज्यातल्या बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात अंग झाकायला कापड नाही म्हणून बाया घराबाहेर पडू शकत नव्हत्या. त्यांच्यासाठी कुठल्याच हार्टनेलने काही काढले नाही.

युद्ध संपले. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओरने लांब, घेरदार स्कर्ट आणले. ब्रिटनमध्ये तेव्हा कुपने चालूच होती, ती १९४९ मध्ये बंद झाली. आणि दिओरच्या धंद्यात पैसा कोणाचा? मार्सेल बुसाक या बड्या कापडगिरणीवाल्याचा. घेर वाढला की कापड खपणारच!