प्रेटरिझम

ख्रिस्ती युगान्तविचारातील एक मत. बायबलमधील अंतकाळाविषयीची भाकिते पूर्णतः किंवा बहुतांशी पहिल्या शतकातच खरी ठरली, असे या मताचे अनुयायी मानतात. ‘होऊन गेलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सेनानी टायटस याने जेरूसलेम जिंकले व तेथील मंदिर नष्ट झाले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात येशू मंदिराच्या नाशाविषयी सांगतो आणि त्या पिढीच्या हयातीतच हे सर्व घडेल असे म्हणतो. हा या मताचा मुख्य आधार. बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकातील ६६६ हा आकडा सम्राट नीरोचा सूचक मानला जातो. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस यानेही येशूच्या या भाकिताची सांगड जेरूसलेमच्या पाडावाशी घातली होती. प्रकटीकरणाचा या दृष्टीने पद्धतशीर अर्थ स्पॅनिश जेझुइट लुईस दे आल्काझार याने लावला. त्याचा ग्रंथ १६१४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

या मताचे दोन पंथ आहेत. आंशिक पंथ ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान व अंतिम न्याय अजून व्हायचे आहेत असे मानतो. पूर्ण पंथाच्या मते तेही होऊन गेले. पूर्ण पंथ निकेयाच्या श्रद्धासूत्राशी विसंगत असल्याने मुख्य प्रवाहातील चर्च तो अमान्य करतात. या मतावर प्रकटीकरणाच्या काळावरूनही आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक आयरेनियस प्रकटीकरणाचा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीचा अखेरचा भाग सांगतो. तो मान्य केल्यास ते पुस्तक जेरूसलेमच्या पाडावानंतरचे ठरते, म्हणजे त्यात त्या पाडावाचे भाकीत असू शकत नाही.